गुरलिंगअप्पांचा आग्रह

औशातल्या कुठल्याही लग्नात जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरला, की मागून कुठून तरी गुरलिंगअप्पा उगवायचे. तो हात मनगटाला धरून अलगद बाजूला करायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत हुग्गीचा डाव रिकामा करायचे. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर. वरून तुपाची धार यायची, ती थांबवायला दुसरा हात पुढे केला, तर तोही बाजूला व्हायचा.

"पोट भरलं म्हनून कुनी उठतंय व्हय गुर्जी? मन भरलं की उठायचं."

गुर्जी म्हणजे मी. तालुक्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. अप्पांच्या आणि माझ्या घराची भिंत एक. मी जन्मापासून मापात जेवणारा, पित्ताचा माणूस. आग्रह या प्रकाराचा मला मनापासून तिटकारा होता आणि आजही आहे. जेवणाऱ्याला आपल्या पोटाचं कळत नाही, ते वाढणाऱ्याला जास्त कळतं, असं समजणारा माणूस माझ्या लेखी दांडगाई करत असतो. हे मी अप्पांना तोंडावर सांगितलेलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. घ्या, अर्धी पोळी घ्या."

एकदा मी वैतागून एका लग्नातून न जेवताच मागच्या दाराने पसार झालो. घरी येऊन सदरा काढतोय तोवर दारात अप्पांची लूना. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात झाकलेलं ताट. कसं आणलं ते त्यांचं त्यांना माहीत. समोर मांडी घालून बसले आणि शेवटचं शीत संपेपर्यंत हलले नाहीत. "माझ्या भांड्यात शिजलं आन् शेजारी उपाशी गेला, तर माझ्या भांड्याची इज्जत काय ऱ्हायली?"

भांडी त्यांची होती हे खरं. बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. स्टील-पितळ विकायचे आणि लग्नाकार्याला मोठाल्या डेगी, पराती, कढया किरायाने द्यायचे. जिथे भांडी गेली तिथे अप्पा गेलेच. त्यांना कुणी पंगतीचं मुखत्यारपत्र दिलेलं नव्हतं. पांढरा सदरा-पायजमा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आणि खांद्यावर पंचा, अशा थाटात ते मंडपात शिरले की आचारीसुद्धा सावरून उभे राहायचे. बुफे आला तेव्हा त्यांना खरंच दुःख झालं. हातात ताट घेऊन ओळीत उभ्या असलेल्या पाहुण्यांकडे ते बघायचे आणि मान हलवायचे. मग स्वतःच डाव घेऊन त्या ओळीतून फिरायचे.

स्वतः मात्र सगळ्यात शेवटी, आचाऱ्यांच्या बरोबर बसायचे. डाव्या तळहातावर भाकरी, तिच्यावरच ठेचा, कांदा बुक्कीने फोडलेला. त्यांना जेवताना बघून माझ्यासारख्या पित्ताच्या माणसालाही भूक लागायची. जेवण झालं की विडा. सगळ्यांना लावून द्यायचे, स्वतःच्यात तंबाखूची चिमूट टाकायचे. आणि मग खेळ व्हायचा. अडकित्ता बाजूला ठेवून अख्खी सुपारी उजव्या खालच्या दाढेत धरायचे आणि कडाक करून फोडून दाखवायचे. पोरंटोरं गोळा व्हायची. "ही दाढ न्हाई, हा खलबत्ता हाय," असं म्हणून गालावरून हात फिरवायचे.

त्यांच्या खास अधिकाराची आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या लोकांत लग्नाच्या दिवशी दोन्ही व्याही एका ताटावर बसतात आणि सगळ्यांसमोर एकमेकांना घास भरवतात. तो घास गिळला की सोयरीक पक्की बसली असं मानतात. औशातल्या निम्म्या व्याह्यांना ते घास अप्पांच्या देखरेखीखाली मिळालेले आहेत. व्याही लाजून लहान तोंड करायचा. अप्पा ओरडायचे, "तोंड उघडा की! बँकेचं लॉकर हाय का ते?" मंडपात हशा पिकायचा.

अशा माणसाच्या जिभेच्या मुळाशी गाठ आली.

आधी नुसतं तोंड आलंय म्हणून तूप लावणं झालं, मग लातूरला तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी जो शब्द सांगितला तो त्या घरात त्यानंतर कुणी उच्चारला नाही. 'ते' म्हणायचे. मला अप्पांनी दुकानात बोलावून घेतलं, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, "गुर्जी, ते निघालंय."

रडले नाहीत. त्यांची काळजी वेगळीच होती. एकुलती एक मुलगी गिरिजा, तिचं उदगीरच्या एका दुकानदार घराण्यात बोलणं सुरू झालं होतं. "पोरीचं जमून राहिलंय. बापाला ते हाय म्हटल्यावर कोन करतंय असल्या घरातली पोरगी? औशात कळालं की उदगीरला कळालंच. कुनाला पत्ता लागू द्यायचा न्हाई."

लातूरच्या दवाखान्यात निम्मं औसा भेटतं. म्हणून नांदेड ठरलं. माझा मुलगा विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, त्याच्या घरात दोन खोल्या मोकळ्या होत्या. अप्पांची साखर वाढली आहे, गुर्जींच्या पोराकडे हवापालटाला चालले आहेत, असं गावात आणि गिरिजालाही सांगितलं. अप्पा, त्यांच्या पत्नी शांताबाई आणि सोबतीला मी असे आम्ही निघालो. गाडीत मागे एक छोटी डेग होती. शांताबाईंनी विचारलं, ही कशाला? तर म्हणे, "पोराच्या घरी राह्यचं, एकदा तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवू घालायचं का न्हाई?"

नांदेडच्या दवाखान्यात शेक सुरू करायच्या आधी त्यांना दातांच्या बाईंकडे पाठवलं. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. बाई भोकरकडच्या, वयाने लहान, बोलायला कडक. आरशाची काडी तोंडात फिरवून त्यांनी सांगितलं, की खराब दाढा आत्ताच काढून टाकायच्या, जखमा भरू द्यायच्या आणि मगच शेक. नंतर दात काढता येत नाही. ज्या हाडावर शेक पडतो त्या हाडाचं रक्त आटतं, तिथे जखम केली तर ती भरून येत नाही.

"घ्या काढून," अप्पा म्हणाले. "पन बाई, ही एक राहू द्या."

ती सुपारीची दाढ होती. बाईंनी तिच्यावर बारीक ठोकून बघितलं. "अप्पा, हीच सगळ्यात वाईट आहे. मधोमध चिरलीय. आणि शेक नेमका इथेच पडणार."

"दुखत न्हाई की."

"पुढे दुखेल."

"पुढचं पुढं बघू. तेवढं पोरीचं लगीन होऊ द्या. व्याह्यासमोर बोळकं घेऊन बसू का मी?" त्यांनी हात जोडले. मग उठून बाईंच्या पाया पडायला निघाले तेव्हा बाई घाबरून मागे सरकल्या. मोठ्या डॉक्टरांना विचारून आल्या आणि नाखुषीने दाढेच्या मुळाचं काम करून, वरून भरून ती ठेवली. पण एक अट घातली. ही दाढ दुखो, हलो, सुजो, दुसऱ्या कुणाचा हात तिला लागता कामा नये. आणि जन्मात कधीही कुठल्याही दातवाल्याच्या खुर्चीत बसलात तर पहिलं वाक्य तुमचं हे हवं. ते वाक्य त्यांनी अप्पांकडून मोठ्याने म्हणून घेतलं.

"मला गळ्याला शेक दिलेला हाय," अप्पा म्हणाले.

"पुन्हा."

"मला गळ्याला शेक दिलेला हाय, बाई." दारात उभा राहून मी ऐकत होतो. मला त्या बाई आवडल्या. शिकवण्याची माझीही हीच पद्धत होती.

शेकाच्या वेळी तोंडावर आणि गळ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात. गळ्यात काही चालत नाही. अप्पांनी लिंग आयुष्यात अंगावरून उतरवलेलं नव्हतं, आंघोळीलाही नाही. मशीनवाला पोरगा अडून बसला, अप्पाही अडून बसले. शेवटी अप्पांनी डबी दंडाला बांधली आणि विचारलं, "शेक गळ्याला हाय का दंडाला? मग झालं की." पोरगा आत जाऊन विचारून आला, चालतंय म्हणाला. दुसऱ्या दिवशी अप्पांनी त्याच्यासाठी पेढे नेले.

पुढचे पंधरवडे कसे गेले ते आठवलं की माझं डोकं अजून उठतं. आधी चव गेली. मग लाळ चिकट झाली, दोऱ्यासारखी ओढून काढावी लागायची, आणि नंतर ती आटलीच. तोंडात आतून सगळीकडे सालं निघाली. पाणीसुद्धा झोंबायचं. बाईंनी सांगितलेलं मात्र ते नेमाने करायचे. मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या, लहान मुलांचा मऊ ब्रश, दातांच्या मापाच्या पारदर्शक साच्यात औषध भरून तो दातांवर चढवून बसणं. साचा घातला की बोलता यायचं नाही, मग खुणांनी शांताबाईंना सांगायचे, गुर्जींना चहा दे, बिस्कीट दे.

आणि या सगळ्यात त्यांना खाऊ घालायला माणसं येत होती. दोन मेहुणे तेवढे विश्वासात घेतलेले, ते आलटून पालटून डबे घेऊन यायचे. धपाटे, शेंगांची चटणी, तुपातला शिरा. "भावजी, अंगात ताकद कशानं येईल? ह्ये एवढं खावाच." अप्पा नाही म्हणू शकत नव्हते. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याचा आडवा हात बाजूला केला, त्याला स्वतःचा हात आडवा धरणं जमत नव्हतं. ते घास तोंडात घ्यायचे, मान डोलावायचे, "लई फक्कड," म्हणायचे, आणि पाहुणा पाठमोरा झाला की रुमालात काढून टाकायचे. रुमालाला रक्त लागलेलं असायचं. मी एकदा मेहुण्यांवर खेकसलो, तर अप्पाच माझ्यावर रागावले.

एक दिवस शांताबाईंनी पातळ हुग्गी केली, गाळून, अगदी पेज. अप्पांनी दोन चमचे कसेबसे गिळले. शांताबाईंनी विचारलं, "गोड झालीय का बरोबर?"

"तुझ्या हातची कधी बिघडलीय का? साखरेवानी झालीय."

नंतर मला वाढायला घेताना त्यांनी बोटाने चाखून बघितली. त्या गूळ घालायलाच विसरल्या होत्या. ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. त्या आठवड्यात अप्पांच्या नाकात नळी घातली. डेग कोपऱ्यात तशीच होती, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवू घालायचं राहूनच गेलं.

पण गाठ गेली. हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. पुढच्या तपासणीत मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ दिसत नाही. शांताबाईंनी दवाखान्याच्या जिन्यात नमस्कार केला. नळी निघाली, अप्पा औशाला परत आले आणि चार-दोन महिन्यांत पुन्हा मंडपात दिसू लागले. गळ्याची कातडी काळी पडली होती, तिच्यावर मफलर आला. लाळ परत आली नाही. खिशात पाण्याची बाटली असायची, दोन शब्द बोलले की एक घोट. त्यामुळे आग्रहाची वाक्यं लहान झाली. "घ्या की," एवढंच म्हणायचे आणि वाढायचे. शेवटी आचाऱ्यांबरोबर बसणं बंद झालं. ताट घेऊन आडोशाला जायचे आणि ते तसंच गाईला घालायचे. लोक विचारायचे, अप्पा वाळले की हो. "साखर," ते म्हणायचे.

तोंडही आता पूर्ण उघडत नव्हतं. शेकाने जबड्याचे स्नायू आखडतात. बाईंनी व्यायाम सांगितला होता. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि जमेल तशी मधे आणखी एक सरकवायची. दुकानात गिऱ्हाईक नसलं की अप्पा परातींच्या मागे तोंड करून काड्या धरून बसायचे. मला बघितलं की डोळ्यांनी हसायचे.

गिरिजाचं लग्न माघात ठरलं. सगळं मनासारखं होतं. अप्पांना एकच धास्ती होती, व्याह्याच्या घासाची. सगळ्या मंडपासमोर तोंड उघडून घास घ्यायचा, चावायचा, गिळायचा. अडकला, ठसका लागला, तोंडातून बाहेर आला, की लोक विचारणार.

म्हणून आम्ही तालीम केली. माझ्या घरात, कारण त्यांच्या घरात गिरिजाने बघितलं असतं. ते पाटावर बसायचे, आधी काड्या, मग दोन घोट पाणी, मग मी भाताचा मऊ घास त्यांच्या तोंडात घालायचो. आग्रहाचा वैरी मी, रोज दुपारी एका म्हाताऱ्याला घास भरवत होतो. पहिल्यांदा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मग हळूहळू जमू लागलं. एके दिवशी त्यांनी मोठा घास घेतला, सावकाश घोळवला आणि गिळला. तोंड उघडून मला रिकामं दाखवलं. आम्ही दोघं पोरांसारखे हसलो. मला वाटलं, सुटला माणूस.

मग दाढ दुखायला लागली.

त्यांनी नांदेडला बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, गोळ्या सांगते त्या घ्या आणि लगेच या, कुणाला हात लावू देऊ नका. पण आठवड्यावर लातूरला बस्ता होता. लग्नाच्या कपड्यांची ती खरेदी दोन्ही घरच्यांनी मिळून करायची असते, ती चुकवता येत नाही. बस्ता झाला की नांदेडला जायचं ठरलं. नेमकी बस्त्याच्या दिवशी दाढ उसळली. गाल सुजला. मी बायकांच्या बाजूला साड्यांच्या ढिगात बसलो होतो. थोड्या वेळाने बघतो तर अप्पाही नाहीत आणि व्याहीही नाहीत.

परत आले तेव्हा अप्पांच्या गालात कापूस होता.

काय झालं ते त्यांनी परतीच्या वाटेवर कुजबुजत सांगितलं. व्याह्यांनी त्यांची सूज बघितली आणि हात धरून उठवलंच. माझ्या ओळखीचा दाताचा डॉक्टर इथं जवळच आहे, दोन मिनिटांचं काम, असं कसं तुम्ही दुखणं अंगावर काढता, चला. अप्पा नको नको म्हणत राहिले. व्याही ऐकेनात. खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. त्या डॉक्टरने रीतसर विचारलं, काही आजार? काही मोठी ट्रीटमेंट झालीय का?

"ते वाक्य जिभेवर आलतं गुर्जी," अप्पा म्हणाले. "व्याह्याचा हात खांद्यावर हुता. मी म्हटलं, न्हाई, थोडी साखर हाय."

 

लग्नापर्यंत जखम भरली नाही. तोंडाला वास येऊ लागला, तो झाकायला ते लवंगा धरायचे, लवंगा झोंबायच्या. काड्यांचा व्यायाम बंद पडला, जबडा बोटभरच उघडत होता. नांदेडला जाऊ म्हटलं तर म्हणाले, "आता लगीन होऊ द्या, मग तुमी म्हनाल तिकडं." गिरिजाला शेवटपर्यंत काही माहीत नव्हतं. ती बिचारी बापाला म्हणायची, तुम्ही जेवत का नाही, मी जाणार म्हणून का?

लग्नाच्या दिवशी अप्पा सुंदर दिसत होते. फेटा बांधला होता, मफलरच्या जागी जरीचं उपरणं. दोघे व्याही एका ताटावर बसले. अप्पांनी भरवलेला घास व्याह्यांनी मोठ्या हौसेने खाल्ला. मग व्याह्यांनी हुग्गीचा घास उचलला. अगदी लहान होता, मी बघत होतो. अप्पांनी तोंड उघडलं, घास घेतला आणि डोळे मिटून बसले. गळ्याची हालचाल झाली. वाजंत्री वाजली. मी श्वास सोडला.

पण मंडप औशाचा होता. ज्यांना ज्यांना अप्पांनी आयुष्यभर छळलं होतं ते सगळे समोर बसले होते. "येवढुसा घास व्हय? आज सुटका न्हाई अप्पा! तोंड उघडा की, बँकेचं लॉकर हाय का?" सगळे त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवत होते, प्रेमाने, हसून लोटपोट होत. व्याही नको नको म्हणत होते. कुणीतरी पुढे झाला आणि तुपात भिजलेला मोठा घास अप्पांच्या तोंडात घातला. आणि आणखी एक. अप्पा हसत होते. गाल फुगलेला, डोळ्यांत पाणी, तसेच हात जोडून बसून राहिले, अक्षता घेतल्या, आशीर्वाद दिले. मग उठून सावकाश चालत मंडपामागे गेले.

मी मागोमाग गेलो. चुलाणांच्या पलीकडे, आपल्याच उपड्या डेगीला धरून ते वाकले होते. हुग्गी जमिनीवर पडली होती आणि ती लाल होती. मी पाणी दिलं. चूळ भरली, तोंड पुसलं, उपरणं नीट केलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कळालं न्हाई ना कुनाला?"

"नाही," मी म्हणालो.

"झालं मग." आणि पुन्हा पंगतीत जाऊन डाव हातात घेतला.

लग्नानंतर आम्ही नांदेडला गेलो. दातांच्या बाईंनी टॉर्च लावून बघितलं. दाढेच्या जागी उघडं, पिवळट हाड दिसत होतं. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी खुर्ची ओढली, अप्पांच्या समोर बसल्या आणि विचारलं, "अप्पा, पहिलं वाक्य काय होतं?"

अप्पांनी बाटलीतून घोट घेतला. "मला गळ्याला शेक दिलेला हाय."

बाई उठून हात धुवायला गेल्या. बराच वेळ नळ चालू होता.

पुढे औषधं झाली, जखम साफ करणं झालं, मोठ्या शहरातल्या दवाखान्यात दाखवून झालं. जबडा काढून पायाच्या हाडाचा बसवता येतो म्हणाले, पण अंगात तेवढी ताकद उरलेली नव्हती. हाड सडत गेलं. गालाला बाहेरून भोक पडलं, पाणी प्यायले की तिथून गळायचं. प्रत्येक तपासणीत डॉक्टर एक गोष्ट न चुकता सांगायचे, की मूळ गाठ मात्र परत आलेली नाही. मला ते ऐकवत नसे.

एकदा व्याही भेटायला आले. जाताना माझ्या ओट्यावर टेकले. "गुर्जी, एक सांगू का? आमाला साखरपुड्याच्या आधीच ठाव हुतं. आमच्या गल्लीतला एक जन त्याच दवाखान्यात शेकाला हुता. त्यानं अप्पांना बघितलंतं."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो.

"पोरगी चांगली, घर चांगलं. मानूस सांगंना, तर आपुन कशाला उकरून काढायचं?"

"अहो, मग त्या दिवशी, त्या डॉक्टरसमोर?"

"त्येंनी न्हाई म्हटलं. म्या कसा म्हनू, व्हय, हाय म्हनून? त्येंची इज्जत गेली असती की. दाढ काढल्यानं असं हुतंय ह्ये मला काय ठाव?" आणि तो भला माणूस माझ्या ओट्यावर बसून ढसाढसा रडला.

मला संताप आला. दोघांच्याही त्या इज्जतीला काडी लावावी असं वाटलं. एक माणूस खुर्चीत, दुसरा शेजारी उभा, दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघेही एकमेकांची लाज राखत गप्प बसले. अप्पांना मी हे कधीच सांगितलं नाही. सांगून त्यांच्या हातात काय पडणार होतं?

त्यांना शेवटचं बघितलं ते एका दुपारी. पोटात नळी होती, गालावर पट्टी. बोलणं थांबलं होतं. सकाळी पूजा झाली की शांताबाई लिंगाला घातलेल्या पाण्याचा एक थेंब त्यांच्या ओठांवर सोडायच्या, तोंडाने जायचं ते एवढंच. मी उठायला लागलो तर शांताबाई म्हणाल्या, जेवायची वेळ झालीय गुर्जी, दोन घास खाऊन जा. त्यांच्यासमोर जेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण अप्पांनीच बोटाने जमिनीकडे खूण केली, बसा.

ज्वारीची भाकरी, वरण, शेंगांची चटणी. बाजेवरून अप्पा माझ्या हाताकडे बघत होते. घास ताटातून तोंडाकडे गेला की त्यांची नजर त्याच्याबरोबर जायची. मी भाकरी संपवली. खरं सांगायचं तर मला आणखी अर्धी हवी होती. शांताबाई भाकरी घेऊन पुढे झाल्या, आणि जन्माच्या सवयीने माझा हात ताटावर आडवा झाला. सवयीनेच मी अप्पांकडे बघितलं.

त्यांनी हात उचलला. मला वाटलं, वाढ म्हणून खूण करणार. त्यांनी तळहात शांताबाईंकडे केला आणि सावकाश हलवला. राहू दे. नको म्हणतात ना ते, राहू दे.

शांताबाई थांबल्या. भाकरी त्यांनी परत टोपल्यात ठेवली. अप्पांनी डोळे मिटले. माझा हात ताटावर आडवा होता. मी तो बराच वेळ तसाच धरून बसलो, पण बाजूला करायला कुणी आलं नाही.